घरशाळा, घरचं वाचन आणि ख्रिस्ती श्रद्धा: तुमच्या घरी कसं चालतं?

नगरची_लेक

होमस्कूलिंगच्या जुन्या धाग्यावर मी सहज लिहिलं होतं की आमच्या घरी पवित्र शास्त्राला (बायबलला) वेळापत्रकात तास नाही, परीक्षा नाही, स्टिकर नाहीत. तेव्हापासून बऱ्याच जणींचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले की मग करता तरी काय, म्हणून वेगळा धागा काढतेय.

आम्ही पुण्यात राहतो, माहेर-सासर दोन्ही नगरकडचं (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं), दोन्ही घरं मराठी प्रोटेस्टंट. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सात. दोघंही घरीच शिकतात. सुरुवातीला इतर सगळे करतात तेच आम्ही पण बघितलं, म्हणजे अमेरिकेतून येणारे ख्रिस्ती होमस्कूलिंगचे रेडिमेड सेट, दर आठवड्याला एक गोष्ट, खाली पाच प्रश्न, रंगवायचं चित्र, शेवटी पाठांतराचं वचन. पुस्तकं देखणी असतात, त्यात वाद नाही. पण गोष्ट एवढी चिरून दिलेली असते की मुलांना आपण एक मोठं पुस्तक वाचतोय असं कधी वाटतच नाही.

बायबलमधल्या योना संदेष्ट्याचंच घ्या. मुलांच्या जवळपास सगळ्या चित्रांच्या पुस्तकांत योना माशाच्या पोटातून बाहेर पडला, निनवेला गेला, लोक सुधारले, संपलं. मूळ पुस्तक चारच अध्यायांचं आहे आणि खरी गंमत चौथ्यात आहे, योना रुसून शहराबाहेर जाऊन बसतो, देवाने या लोकांना माफ का केलं म्हणून चिडतो, डोक्यावर वेल येते, किडा ती खातो, आणि पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं, योनाचं उत्तर दिलेलंच नाही. त्या शेवटच्या ओवीत (शास्त्रातल्या वचनाला आम्ही ओवी म्हणतो) निनवेतली एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं येतात आणि पुष्कळ गुरंढोरंही येतात. आमचा मुलगा त्या गुरांवर अडून बसला. देवाला गुरांची पण काळजी होती का, मग योनाला का नव्हती, तो आत्तापर्यंत रुसलाय का. जेवणं थांबली, भाजी गार झाली, पण त्या रात्री जे बोलणं झालं ते कुठल्याही वर्कशीटवर झालं नसतं.

तर आमची पद्धत म्हटली तर एवढीच. एक पुस्तक घ्यायचं, पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत, मोठ्याने, मराठीत, सगळ्यांनी मिळून. रात्री जेवणानंतर वाचतो. सासूबाई असतात, नवरा ऑफिसातून आला की असतो, धाकटा बऱ्याचदा लोळतच ऐकतो, त्याला सरळ बस म्हणत नाही. वाचून झालं की मी प्रश्न विचारत नाही. मुलांनी विचारला तर बोलायचं, नाही विचारला तर उपासना संगीत या आमच्या गीतांच्या पुस्तकातलं एक गाणं, छोटी प्रार्थना आणि झोप. सकाळी बायबलमधल्या नीतिसूत्रांचा एक अध्याय, ३१ अध्याय आहेत त्यामुळे आजची तारीख तोच अध्याय, शोधाशोध नाही.

बायबलमधलं रूथचं पुस्तक वाचताना तर अभ्यास आपोआप झाला. रूथ दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते हे आलं आणि मुलांना काही कळेना. सासूबाईंनी लहानपणी राहुरीकडे ज्वारीच्या रानात स्वतः सरवा वेचलाय. कापणी झाल्यावर मागे राहिलेली कणसं कशी गोळा करायची, पदराचा ओचा कसा करायचा, कुठला मालक हाकलायचा आणि कुठला मुद्दाम चार कणसं जास्त सोडायचा हे सगळं त्यांनी उठून करून दाखवलं. मग मुलीने विचारलं की संध्याकाळपर्यंत एफाभर सातू म्हणजे किती? एफा हे त्या काळचं धान्याचं माप, साधारण २२ लिटरचं धरतात. आम्ही मोरीतली बादली आणली, लिटरचं माप घेऊन पाणी मोजून खूण केली, आणि सासूबाई म्हणाल्या एका बाईने एका दिवसात एवढं वेचलं म्हणजे मालकाने नक्की मुद्दाम सोडलं असणार. पुस्तकात तेच लिहिलंय, शेताचा मालक बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून काही काढून तिच्यासाठी टाका. आजीने ते ओवी न बघता ओळखलं. गणित झालं, शेती झाली, गरिबांसाठी शेताचा कोपरा सोडा हा बायबलच्या लेवीय पुस्तकातला नियम पण त्याच ओघात वाचून झाला.

तुमच्याकडे कसं चालतं ते लिहा. वेगळं मत असेल तरी लिहा.

वसईची_वाडी

ताई छान लिहिलंय. आम्ही कॅथलिक, वसईच्या बाजूचे, आमच्याकडे संध्याकाळची रोझरी (जपमाळेची प्रार्थना) हाच घराचा कणा. माझी आजी शेवटपर्यंत सामवेदी बोली बोलायची पण प्रार्थना मराठीत. मुलांचं धर्मशिक्षण रविवारी चर्चमध्ये इयत्तेप्रमाणे होतंच, त्यामुळे घरी वेगळं काही करायची गरज आम्हाला कधी वाटली नव्हती. पण मुलाला घरी शिकवायला लागल्यापासून लक्षात आलं की तो जपमाळेतली रहस्यं (येशू आणि मरियेच्या आयुष्यातले प्रसंग) धडाधड म्हणतो आणि त्यातला प्रसंग शुभवर्तमानात कुठे आहे हे त्याला माहीत नसतं. मग आता रोझरीच्या आधी त्या दिवसाच्या एका रहस्याचा मूळ उतारा वाचतो. फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबल घरात आहे, त्यात प्रस्तावना आणि टिपा भरपूर असल्याने माझ्यासारख्या माणसाला आधार होतो, नाहीतर पोराने विचारलं की परूशी कोण आणि सदूकी कोण तर मी काय सांगणार होतो.

एका गोष्टीत मात्र माझं मत वेगळं आहे. प्रश्न अजिबात विचारायचे नाहीत हे पटलं नाही. आमचा मुलगा स्वतःहून तोंड उघडत नाही, त्याला विचारावंच लागतं. मी एकच विचारतो, यातलं कोण तुला आवडलं नाही? यावर तो बोलतो. शिष्यांवर तर त्याचा फार राग आहे, येशू वादळात होडीत झोपलेला असताना ते त्याला उठवून ओरडतात म्हणून.

नगरची_लेक

@वसईची_वाडी दादा, कोण आवडलं नाही हा प्रश्न फारच चांगला आहे, आज रात्रीच विचारणार. मी प्रश्न विचारत नाही त्याचं कारण एवढंच की माझी मुलगी आईला काय ऐकायचंय ते ओळखून नेमकं तेच उत्तर देते. तुमच्या मुलाचा स्वभाव वेगळा, तर तिथे विचारणंच बरोबर.

तटस्थ

मी ख्रिस्ती नाही, आस्तिकही नाही, शिक्षक आहे, त्यामुळे थोडं टोचेल असं लिहितोय, राग मानू नका. शाळेत मूल वेगवेगळ्या घरच्या मुलांबरोबर बसतं, डबा खातं, भांडतं. घरीच शिक्षण, घरीच धर्म, शिक्षक पण आई आणि धर्मगुरू पण आईच, यात मुलाला दुसरी बाजू दिसणार कुठून? मुलांना प्रश्न विचारायला शिकवतो म्हणायचं आणि उत्तर आधीच ठरलेलं असायचं, हे मला पटत नाही. हा आक्षेप मी कुठल्याही धर्माच्या होमस्कूलिंगवर घेतो, फक्त तुमच्यावर नाही.

आबा_शिरूर

तटस्थ साहेबांचा आक्षेप रास्त आहे, त्याला उत्तर दिलं पाहिजे. मी निवृत्त पाळक आहे, आयुष्य रविवार शाळा चालवण्यात गेलं. माझ्या अनुभवात जी मुलं विश्वासापासून फार कडवट होऊन लांब गेली त्यातली बरीच अशा घरांतली होती जिथे प्रश्न विचारला की पालक घाबरायचे. ज्या घरी आईवडील 'मलाही हे कळत नाही, चल पुन्हा वाचू' म्हणाले तिथली मुलं लांब गेली तरी बोलणं तुटलं नाही.

आणि एक. घरी शिकवणं ही काही परदेशातून आलेली नवी टूम नाही. पंडिता रमाबाई कुठल्या शाळेत गेल्या? वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्री मंडळी त्यांच्यावर उलटली, ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले, आणि त्या आईने पहाटे घरकामाला लागायच्या आधी लेकीला तोंडी शिकवलं. पुढे घर सोडून तीर्थयात्रा करत पुराणं सांगत हे कुटुंब सगळा देश फिरलं. १८७४ च्या आसपास दुष्काळात आईवडील गेले, आणि १८७८ मध्ये त्याच मुलीला कलकत्त्याच्या पंडितांनी पंडिता आणि सरस्वती म्हटलं. घरात शिकली म्हणून तिचे प्रश्न काही थांबले नाहीत, उलट जे शिकवलं त्यालाच तिने प्रश्न विचारले आणि १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या चर्चच्या मोठ्या माणसांशीही ती वाद घालतच राहिली. खोलवर शिकवलेलं मूल प्रश्न विचारतं, वरवर शिकवलेलं मान डोलावतं, असं मला वाटतं.

धागाकर्तीस एक सूचना. बेटा, शास्त्रवाचन कधीही शिक्षा म्हणून देऊ नकोस. भांडलात ना, आता बसून स्तोत्र लिहा, हे मी फार घरांत पाहिलंय. ते स्तोत्र मुलाला जन्मभर कडू लागतं.

नगरची_लेक

आबा, शिक्षेचं अगदी मनावर घेतलं.

@तटस्थ, राग अजिबात नाही. दोन गोष्टी सांगते. आमची मुलं घरात कोंडलेली नाहीत, तबल्याचा क्लास आहे, सोसायटीतली सगळी पोरं संध्याकाळी एकत्रच असतात, गणपतीत आमचा धाकटा मांडवात झांजा घेऊन पहिल्या रांगेत. घरात तुकोबांचे अभंगही वाचतो, आणि ते काही परधर्माचा नमुना म्हणून नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक स्वतः म्हणायचे की ते ख्रिस्ताकडे आले ते तुकोबांच्या पुलावरून. तो पूल आमच्या मुलांनी बघायलाच हवा ना.

दुसरं म्हणजे आमच्या चर्चमध्ये तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो पण मोठं झाल्यावर दृढीकरण असतं, तेव्हा मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं असतं की हा विश्वास माझा आहे. मुलीला आत्तापासून सांगून ठेवलंय की ते तिने आमच्यासाठी करायचं नाही, नाही म्हणाली तरी रात्रीच्या वाचनात तिची जागा आहेच. मला जे सगळ्यात मोलाचं वाटतं ते मी तिच्यापासून लपवून ठेवू शकत नाही, तसं केलं तर तो खोटेपणा होईल. पण मी दिलं म्हणून तिने घेतलंच पाहिजे असंही नाही. यावर तुमचं समाधान होणार नाही कदाचित, पण मी मनापासून लिहितेय.

तटस्थ

पूर्ण समाधान नाही झालं, पण नाही म्हणाली तरी जागा आहे हे वाक्य महत्त्वाचं आहे. असं म्हणणारे पालक मी फार कमी पाहिलेत, सगळ्याच धर्मांत.

डॅलसकर

मी टेक्सासमध्ये आहे, माहेर सोलापूर. इथे होमस्कूलिंगला कायद्याचा काही त्रास नाही, १९९४ च्या टेक्सास सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून तर घरच्या शाळा खाजगी शाळांसारख्याच धरल्या जातात. ख्रिस्ती होमस्कूलर्सचे को-ऑप गल्लोगल्ली आहेत, पुस्तकं हवी तेवढी. पण ते सगळं इंग्लिशमध्ये, आणि त्यातलं घर आमचं घर नाही. माझ्या मुलींना येशूची गोष्ट आणि आजीची भाषा या दोन वेगवेगळ्या खोल्यांतल्या वस्तू वाटायला लागल्या होत्या. मी चिडून नाही, फार कळवळून लिहितेय हे. प्रार्थना इंग्लिशमध्ये, आणि मराठी फक्त जेवायला या, चप्पल काढा एवढ्यापुरती.

मग आईने पार्सलमधून लक्ष्मीबाई टिळकांची (रेव्हरंड टिळकांच्या पत्नी) आत्मकथा स्मृतिचित्रे पाठवली. एवढं मोठं पुस्तक मुलींना झेपेल का वाटलं होतं, पण लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचे प्रसंग वाचताना दोघी गडाबडा लोळल्या. आणि नंतर नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती होतो, ही बाई होत नाही, वेगळी राहते, झुरते, आणि पाच वर्षांनी १९०० मध्ये स्वतःच्या पायांनी त्या निर्णयापर्यंत पोचते, तो भाग वाचताना मोठी एकदम गप्प झाली. तिने विचारलं, त्यांना कोणी जबरदस्ती नाही केली? म्हटलं नाही, वाच पुढे. लग्नानंतर अक्षर ओळखायला शिकलेल्या बाईने हे लिहिलंय आणि टिळकांच्या मागे राहिलेलं ख्रिस्तायन हे काव्य पण तिनेच पूर्ण केलंय, हे कळल्यावर आता मोठी मराठी वाचायला शिकतेय, स्वतःहून. धागाकर्तीला विचारायचंय, शास्त्राशिवाय दुसरं काय वाचता?

मोगरा

मी पहिल्यांदाच लिहितेय इथे. माझा प्रश्न जरा अवघड आहे. मी ख्रिस्ती, नवरा वारकरी घरातला. प्रेमविवाह, दोन्हीकडून आधी विरोध, आता सगळं ठीक. सासरे रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतात आणि मुलगी त्यांच्या मांडीवर असते, मला ते आवडतं, खरंच आवडतं. पण मी तिला काही सांगायला गेले की घरात एकदम हवा बदलते. कोणी बोलत काही नाही. पुढच्या वर्षीपासून आम्ही तिला घरीच शिकवायचं ठरवलंय, मग तर दिवसभर मीच तिच्याबरोबर. मी किती आणि कसं सांगावं?

आबा_शिरूर

मोगरा बाळ, घाई करू नकोस. बायबलमधल्या तीमथ्याची (प्रेषित पौलाचा तरुण सहकारी) आई आणि आजी विश्वासणाऱ्या होत्या, युनीके आणि लोईस, नावानिशी उल्लेख आहे, वडील मात्र ग्रीक होते. तेही घर मिश्रच होतं. जे करशील ते नवऱ्याला सांगून, उघड, सगळ्यांसमोर कर. बंद खोलीत केलेली प्रार्थना मुलीला चोरीसारखी वाटेल.

वसईची_वाडी

आबांना अनुमोदन. बायबलमधल्या स्तोत्रांपासून सुरुवात करा असं मला वाटतं. २३ वं, १२१ वं, १३९ वं. सासऱ्यांनाही ऐकायला आवडतील, अभंग ऐकणाऱ्या कानाला स्तोत्र परकं वाटत नाही. सासऱ्यांनाच विचारा ना, बाबा, हरिपाठ झाला की मी एक स्तोत्र वाचू का इथेच बसून?

नगरची_लेक

मोगरा, मलाही हेच सुचलं असतं. नवऱ्याशी आधी मोकळं बोल, सासऱ्यांना विचार, आणि नाही म्हणाले तर लगेच हट्ट धरू नकोस, काही महिने जाऊ देत.

@डॅलसकर, बरंच काही वाचतो. टिळकांच्या मुलांसाठीच्या आणि फुलांवरच्या कविता आहेतच. मोठीबरोबर बाबा पदमनजींचं यमुनापर्यटन थोडं थोडं चाललंय, १८५७ चं पुस्तक, विधवांचे हाल वाचून ती अस्वस्थ होते आणि मग आम्ही त्यावर बोलतो. भाषा जुनी आहे, मी वाचता वाचता सोपं करून सांगते. फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराणातल्या थोड्या ओव्या चालीवर म्हणून बघितल्या, एका इंग्रज माणसाने गोव्यात येऊन चारशे वर्षांपूर्वी मराठीत हजारो ओव्या रचल्या यावर मुलांचा विश्वासच बसेना. अर्थ सगळा लागतो असं नाही, पण चाल लागते, सासूबाईंनी जात्यावरच्या चालीत म्हटल्या तर चपखल बसल्या.

होतकरू_पालक

मध्येच विचारतो, दहावीचं काय? आणि कायदा?

नगरची_लेक

आरटीई २००९ (शिक्षण हक्क कायदा) मध्ये ६ ते १४ वयाच्या मुलांच्या मोफत शिक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकलीय, पालकांनी शाळेत घालावं असंही म्हटलंय, पण होमस्कूलिंगचा वेगळा उल्लेख नाही, त्यामुळे सगळं थोडं मोघम आहे. पुढे एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळा संस्थेमधून दहावी करता येते, त्याला किमान १४ वय लागतं, किंवा राज्य बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. जुन्या धाग्यावर यावर बरीच चर्चा आहे, ती वाचा, इथे नको, धागा भरकटेल.

डॅलसकर

अजून एक अडलंय. बायबलमधल्या उत्पत्तीचा २२ वा अध्याय, देव अब्राहामाला मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला सांगतो तो. धाकटी सहा वर्षांची आहे. सलग वाचायचं म्हटलं तर हा येणारच. वगळू का?

वसईची_वाडी

मी वगळला होता. पोरगं लहान आहे, रात्री बापाकडे बघून घाबरायला नको.

नगरची_लेक

आम्ही वाचला, पण रात्री नाही, दिवसा वाचला. शेवटपर्यंत एका दमात वाचला, सुरी उचलली तिथे थांबून 'पुढचं उद्या' असं केलं नाही. मुलीने लगेच विचारलं, इसहाक घरी जाऊन आईला काय म्हणाला असेल? मला उत्तर माहीत नव्हतं, शास्त्रातही नाही. मी तेच सांगितलं. तो प्रश्न अजून आमच्या घरात आहे, मधूनच ती परत काढते. शास्ते पुस्तक मात्र मी या वयात उघडणार नाही, त्यातला १९ वा अध्याय मोठ्यांनाही सोसत नाही.

आबा_शिरूर

सहा वर्षांच्या मुलीला २२ वा अध्याय मी वाचून दाखवला नसता, दहाच्या मुलीला दाखवला असता. धाकटी झोपल्यावर मोठीबरोबर वाचा. सलग वाचन चांगलं, पण मूल समोर बसलंय ते आधी बघा. यावर मतभेद राहू द्यात, हरकत नाही.

मोगरा

नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला वाच की, मीही ऐकेन. सासऱ्यांना अजून विचारलं नाहीये, पंढरपूरहून आले की विचारते. तोवर रूथपासून सुरुवात करू का स्तोत्रांपासून?

नगरची_लेक

सासरे येईपर्यंत रूथ. सासू-सुनेचंच पुस्तक आहे, चारच अध्याय.

डॅलसकर

मग आपण एकत्रच वाचूया का, कॉलवर? माझ्याकडे शनिवारी रात्री ८ म्हणजे तुमच्याकडे रविवारी सकाळी ६:३०, चर्चच्या आधी. माझ्या मुली अडखळत वाचतील पण वाचतील.

वसईची_वाडी

आमची मिस्सा (चर्चमधली उपासना) ७:३० ला आहे, अर्धा तास जमेल. मुलाला बवाजचं बोलणं वाचायचंय असं आत्ताच सांगितलंय त्याने, ते दुसऱ्या अध्यायात आहे, त्यामुळे पहिल्या रविवारी तो फक्त ऐकेल.

नगरची_लेक

ठरलं. पहिल्या अध्यायात २२ ओव्या आहेत, डॅलसच्या दोघी, माझी मोठी आणि मोगरा, चौघींत वाटून घेऊ. रूथच्या सासूचं, नामीचं, बोलणं सासूबाई वाचणार आहेत, त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. आबा, प्रार्थना तुम्ही करा. लिंक सगळ्यांना व्यनित पाठवते, @तटस्थ तुम्हालाही, यायचं असेल तर.

तटस्थ

ऐकायला येईन. कॅमेरा बंद ठेवला तर चालेल ना?

नगरची_लेक

चालेल.